एकसष्टावा रकाना

ज्या कामाबद्दल माझ्या फायलीला ताकीदपत्र लागलं, त्याच कामाबद्दल मी इथे लिहिणार आहे. दिवाळी अंकात लिहिण्याइतकी माझी भाषा तयार आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात छापील कागदावर आलेलं पहिलं माणूस मी. तेही मॅट्रिकच्या निकालात, नुसत्या नंबराच्या रूपात. काही वर्षं नोकरी झाल्यावर मी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वर्गातल्या मुली मला ताई म्हणतात. मराठीच्या बाई म्हणाल्या, "सुमन, तुझ्या कामाबद्दल लिही." मी म्हटलं, "बाई, माझं काम कार्डांना भोकं पाडायचं." त्या म्हणाल्या, "मग भोकांबद्दल लिही."

मी पंच ऑपरेटर. राहायला घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. नोकरी भांडुप आणि मुलुंडच्या मधे, आग्रा रोडवर, विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात. नाव लिहीत नाही. मी घाबरते म्हणून नव्हे. असं दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात झालं असतं म्हणून.

आमचं कार्ड म्हणजे जाड, गुळगुळीत कागदाचा वीतभर लांबीचा तुकडा. त्यावर ऐंशी उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात बारा जागा. कुठल्या रकान्यात कितव्या जागी भोक पडलं, त्यावरून आकडा किंवा अक्षर ठरतं. कामगारापासून जनरल मॅनेजरापर्यंत प्रत्येकाचं एक कार्ड: नंबर, नाव, खातं, जन्मसाल, पत्ता, सगळं भोकांत. मी यंत्रावर बसून भोकं पाडायची. मग दुसरी मुलगी तीच माहिती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मारायची आणि फरक दिसला की लाल दिवा लागायचा. आमच्या खोलीत कुणाकडे किती लाल दिवे लागतात यावर मुलींची पत ठरायची. माझी चांगली होती.

बाहेरच्यांना वाटतं, ही भोकं फक्त यंत्राला कळतात. ते खरं नाही. आमच्या कार्डांवर वरच्या कडेला अक्षरं छापली जात नसत. छापणारं यंत्र महाग पडतं म्हणून घेतलंच नव्हतं. त्यामुळे चुकलेलं कार्ड शोधायचं तर खिडकीपाशी उजेडात धरून वाचावं लागे. वर्षभरात डोळ्यांना सवय होते. दोन वर्षांनी बोटांनाही होते. मी कार्ड असं वाचायची जसं तुम्ही पोस्टकार्ड वाचता.

यातला एकसष्टावा रकाना कंपनीच्या डॉक्टरांचा. एक म्हणजे डोळे, दोन म्हणजे कान, तीन म्हणजे मणका, चार म्हणजे छाती. छाती म्हणजे क्षय. हेतू वाईट नव्हता. चार नंबरच्या माणसाला भट्टीजवळच्या धुळीत पाठवू नये, म्हणून ती नोंद.

भोकं पाडताना कागदाच्या ज्या बारीक टिकल्या पडत, त्यांना आम्ही भुसा म्हणायचो. एकदा गेटवरच्या गुरख्याने बहिणीच्या लग्नात उधळायला पिशवीभर भुसा नेला. आठ दिवसांनी आला तो हात जोडूनच. टिकल्या नवरदेवाच्या डोळ्यांत गेल्या होत्या आणि वऱ्हाडातल्या बायकांच्या केसांतून अजून निघत होत्या. "बाई, शादी में से तो निकल गया, बालों में से नहीं निकलता." तेव्हापासून भुसा पोत्यात बांधून बॉयलरमध्ये जाळायचा, असा नियम झाला. नुसत्या टिकल्यांसाठी नियम होता. कार्डांसाठी नव्हता. कार्डं दर वर्षी नवी व्हायची आणि जुनी रद्दीत जायची.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला हक्क नाही.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. सुटल्यावर गेटबाहेर भेळ खायची हा आमचा शिरस्ता. भेळवाला चमच्याऐवजी जाड कागदाचा तुकडा देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या शनिवारी त्याने दिली ती आमची कार्डं. अख्खी, मधोमध दुमडलेली. माझी मैत्रीण मंगल हसत म्हणाली, "अगं बघ, आपलीच पोरं परत आली!"

शेजारी फाउंड्रीतली चार-पाच माणसं खात उभी होती. त्यांत बाबल्या नावाचा मालवणकडचा एक बडबड्या होता. तो म्हणाला, "ह्या चमच्यातसून चटणी गळता रे! गे बाय, दिसभर तू भोकां पाडतंस, ती वाचूक येतत काय तुका?"

"येतात तर."

"मगे वाच बघू. थापा मारू नको हां."

मी कार्ड पुसलं, उघडलं आणि उन्हात धरलं. सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून, त्यांना न येणारी गोष्ट मी करत होते. मी घडाघडा वाचत गेले. नंबर. खातं फाउंड्रीचं गोदाम. जन्म एकवीस सालचा. नाव गणपत सावंत. नावाशी मी थांबायला हवं होतं. पण आम्हाला सवय असते ती डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत जाण्याची. मधे थांबलं की चूक होते, लाल दिवा लागतो. एकसष्टाव्या रकान्याशी आले आणि तोंडातून निघून गेलं, "चार. छाती."

बाबल्याचा हात भेळेत तसाच राहिला. गणपत सावंत त्याच्याच खोलीत राहायचे. भांडुपला एका खोलीत कोकणातली आठ माणसं पाळीपाळीने झोपायची आणि सगळी एकाच खानावळीत जेवायची.

सोमवारी खानावळीत सावंतांचं ताट वेगळं झालं. बुधवारी त्यांची ट्रंक खोलीबाहेर आली.

ताट वेगळं होणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही बौद्ध. कराडकडच्या आमच्या गावात माझ्या आईने ओंजळीने पाणी प्यालेलं आहे. ती हे कधी रडून सांगत नाही, नुसतं सांगते. आणि तिच्या मुलीने, शिकलेल्या मुलीने, स्वतःची हुशारी दाखवायला एका माणसाचं ताट बाजूला काढायला लावलं.

मी सावंतमामांना गेटवर गाठलं. आधी तेच बोलले. "तुजी चूक नाय गे. तू वाचलंस तां खराच हा. पण माका डॉक्टरान बरो केलो, दोन वर्सां झाली. त्या कार्डार 'बरो झालो' असा सांगणारा भोक खंय आसा, तां सांग."

ते भोक नव्हतं. दुखण्याला आकडे होते, बरं होण्याला आकडा दिलेलाच नव्हता. कार्ड तयार करताना ते कुणाला सुचलं नव्हतं आणि इतकी वर्षं भोकं पाडताना मलाही सुचलं नव्हतं. महिनाअखेर मामा नोकरी सोडून गावी गेले. मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

आमच्या खात्याचे प्रमुख प्रधानसाहेब. माणूस वाईट नव्हता. मुलींशी कधी वावगं बोलला नाही आणि मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा एक तास उशिरा यायची परवानगी त्यांनीच दिली. मी त्यांना सांगितलं की जुनी कार्डं रद्दीत देऊ नका, जाळा. ते हसले. "मिस कांबळे, भोकं कोण वाचत बसणार आहे?"

"मी वाचली, साहेब."

"तुम्ही आमच्याच आहात." एवढं म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला.

त्यानंतर दर वर्षी रद्दीची गाडी आली की मी विचारायची आणि दर वर्षी तेच हसणं. मी नुसतं विचारत राहिले, याची मला आज लाज वाटते. त्या वर्षांतली कार्डं कुठल्या भेळेत आणि कुठल्या पुडीत गेली, कुणी उजेडात धरली, मला सांगता येणार नाही.

मग कंपनीत संगणक आला. त्याला वातानुकूलित खोली, आत जाताना चपला बाहेर. कार्डांवरची माहिती चुंबकीय फितीवर चढली आणि आमची जुनी यंत्रं निघाली. भाड्याची होती ती परत जायची होती आणि कार्डांची शेवटची, सगळ्यात मोठी रास रद्दीत. सध्या हजर आणि आजवर निघून गेलेल्या सगळ्या माणसांची मिळून अकरा हजार कार्डं, नंबरवार लावलेली, खणाखणांत. आधीची रद्दी तरी विस्कटलेली असायची. ही तर कुणीही उघडून हवा तो माणूस काढावा अशी होती.

तोवर मी सिनियर झाले होते. गेटपासवर "निरुपयोगी कागद" असं लिहून सही करायचं काम माझ्याकडे आलं.

मी सही केली नाही. म्हटलं, बॉयलरमध्ये जाळू. प्रधानसाहेब म्हणाले, रद्दीवाल्याशी बोलणं झालंय, गाडी उद्या सकाळी येईल. मी म्हटलं, मग कापू. ते म्हणाले, अकरा हजार कार्डं कोण कापणार? मी सावंतमामांचं नाव काढलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती जुनी गोष्ट झाली. आणि हे बघा, संगणकाच्या ट्रेनिंगच्या यादीत तुमचं नाव मी स्वतः घातलंय. उगाच कटकट करू नका. संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा."

तो यंत्रांचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता वीज तोडायची होती आणि ती घेऊन जायला भाड्याच्या कंपनीचा मेकॅनिक आला होता. पीटर त्याचं नाव. मरोळच्या जुन्या गावठाणातला, घरात मराठी बोलणारा ख्रिश्चन. दहा वर्षं तो आमची यंत्रं दुरुस्त करायला यायचा. यंत्र नेताना त्याचा एक नियम असे: प्रत्येक खण, प्रत्येक कप्पा उघडून आत हात घालून बघायचा. "लोक यंत्र परत देतात आणि त्याच्या पोटातलं विसरतात," तो म्हणायचा. त्या दिवशीही तो असाच हात घालून बघत होता आणि एका यंत्राशी पोचला. ते यंत्र असं की पहिल्या कार्डावर जे भोक असेल, ते मागून येणाऱ्या प्रत्येक कार्डात आपोआप पाडत जायचं. नवीन वर्ष लागलं की सालाचा आकडा सगळ्या कार्डांवर चढवायला आम्ही ते वापरायचो. मिनिटाला शंभर कार्डं.

पुसून टाकायची सोय आमच्या धंद्यात नाही. पडलेलं भोक बुजत नाही. पण एका रकान्यात बाराच्या बारा जागी भोकं पाडली, तर त्यातलं आधीचं कुठलं, हे देवालाही कळायचं नाही.

"पीटर," मी म्हटलं, "एका रकान्यात बारा भोकं पाडता येतील?"

"येडी झालीस काय? भोकं पाडायची डाय मोडेल माझी."

"किती कार्डांनी मोडेल?"

त्याने मान वाकडी केली. विचार केला. "दहा-बारा हजारांनी."

"माझी अकरा आहेत."

सावंतांची गोष्ट त्याला माहीत होती, सगळ्या कारखान्याला माहीत होती. "सुमन, यंत्र माझ्या सहीने जातंय. काही झालं तर मला विचारतील."

"मला विचारतील असं लिहून देते."

"लिहून बिहून काय नको." त्याने मागचं झाकण उघडलं, तारांच्या जोडण्या एकसष्टाव्या रकान्यावर लावल्या, झाकण बंद केलं आणि डबा उचलला. "मी जेवायला चाललो. आज बोंबील आहेत. काटे काढायला दोन तास लागतील."

"बोंबलाला कसले काटे रे?"

"आजच्याला आहेत," तो म्हणाला आणि गेला.

वरच्या मजल्यावर संगणकाची पूजा होती. सगळे साहेबलोक तिकडेच होते. मी बारा भोकांचं एक कार्ड तयार केलं, ते पहिलं ठेवलं आणि पहिला खण यंत्रात भरला. मंगल दाराशी उभी राहिली. तिला मी सांगितलं नव्हतं, तिने फक्त विचारलं, "सगळी?" मी म्हटलं, "सगळी." तशी ती दुसरा खण उचलून घेऊन आली.

कार्डं एरवी मजबूत असली तरी बारा भोकांनी कमजोर होतात. एखादं मधेच फाटायचं. मग यंत्र थांबवून फाटका तुकडा पट्टीने काढायचा आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर चढणारी साखळी तुटली म्हणून बारा भोकांचं कार्ड पुन्हा पुढे लावायचं. प्रत्येक खणातलं पहिलं, मधलं आणि शेवटचं कार्ड मी उजेडात धरून तपासत होते. नंबर दिसत होता, नाव दिसत होतं, खातं दिसत होतं. एकसष्टाव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसता उजेड. मला इतकं बरं दहा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

नऊ हजारांच्या पुढे यंत्र अडलं ते काही केल्या सुटेना. दोन खण उरले होते, दोन्ही फाउंड्रीचे. साडेचार वाजले होते. पीटर परत आला, त्याने बाह्या सरसावून आत हात घातला आणि चुरगळलेली तीन कार्डं बाहेर काढली. ती उलगडून त्यांच्या एकसष्टाव्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने बारा भोकं मारली, बारा भोकांचं कार्ड पुन्हा पुढे लावलं आणि यंत्र सुरू केलं. तेवढ्यात प्रधानसाहेब आले. कपाळावर पूजेचं कुंकू होतं.

"हे काय चाललंय?"

"रद्दी तयार करते आहे, साहेब."

त्यांनी एक कार्ड उचललं. ते साहेब होते, पण भोकं त्यांनाही वाचता यायची, हे मला त्या दिवशी कळलं. चेहरा बदलला. "बंद करा. ताबडतोब."

यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवू शकले असते. दाखवलं नाही. "नाही, साहेब," मी म्हटलं.

शेवटचा खण मी उचलला आणि भरला.

"मिस कांबळे, ही कंपनीची मालमत्ता आहे!"

"कागद कंपनीचा आहे, साहेब. तो उद्या गाडीतून जाईलच, वजनालाही कमी भरणार नाही."

ते पीटरकडे वळले. "तू तरी बंद कर!"

पीटर गंभीरपणे म्हणाला, "मधेच बंद केलं तर डाय मोडते, साहेब. तुम्ही लिहून देता काय?"

ते धादांत खोटं होतं. प्रधानसाहेब तिथे उभे राहिले आणि आम्ही चौघं जण शेवटची कार्डं जाईपर्यंत त्या यंत्राकडे बघत होतो. मग पीटरने स्वतःच खटका ओढला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

गेटपासवर मी त्याच दिवशी सही केली. कागद आता खरोखरच निरुपयोगी होता.

परिणाम आधी सांगून टाकते. नोकरी गेली नाही. ट्रेनिंगच्या यादीतून नाव गेलं. मंगल आज त्या गार खोलीत बसते, मी टाइम ऑफिसात हजेरीच्या वह्या लावते. पीटरला त्याच्या कंपनीने काही विचारलं नाही. डाय शाबूत होती. ज्यांना वाटतं की मी स्वतःचं नुकसान करून घेतलं, त्यांना मी एवढंच विचारते: तुमच्या ऑफिसातलं जुनं कपाट, जुनं यंत्र, जुनी फीत बाहेर जाते तेव्हा तिच्यात कुणाचं दुखणं जातंय, हे कुणी बघतं का? फितीवरही तोच रकाना चढलेला आहे. तीही एक दिवस जुनी होईल.

चौकशी आठवड्याने झाली. प्रधानसाहेब आणि पर्सोनेल खात्याचे एक अधिकारी. अधिकारी नवीन होते, त्यांना कार्डांतलं काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्या रकान्यात आता काय आहे?"

"आता सगळ्यांचं सारखंच आहे, साहेब," मी म्हटलं. "जनरल मॅनेजरांचंही."

प्रधानसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटतं, ते हसू दाबत होते. पण मी शपथेवर सांगू शकणार नाही.

अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. दोन ओळी दिलगिरीच्या लिहा, प्रकरण मिटवू, यादीचंही बघू, असं ते म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, समजावणारा. मी पेन घेतलं. घरी सहा माणसं आहेत, हे माझ्या डोक्यात होतं. ट्रेनिंगनंतरचा हुद्दा डोक्यात होता. इंग्रजीत लिहायचं की मराठीत, हेही विचारलं. ते म्हणाले, कशातही लिहा.

मी मराठीत लिहिलं:

"भाड्याचं यंत्र मी परवानगीशिवाय चालवलं, हे खरं आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे. कार्डांबद्दल नाही. तशी कार्डं पुन्हा माझ्या हाती आली, तर मी पुन्हा तेच करीन."

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं खोडा."

मी कागद परत घेतला, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्यांच्याकडे सरकवला.